ग्रेट डिक्स्टर : ज्या बागेने नारिंगीला जागा दिली

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून जलद गाडीने अ‍ॅशफर्ड, तेथे गाडी बदलून पाणथळ कुरणांमधून जाणाऱ्या लहान लोहमार्गाने राय, आणि रायहून बारा-तेरा किलोमीटर मोटारीने नॉर्दियम, असा हा प्रवास आहे. नॉर्दियम हे ईस्ट ससेक्स परगण्यातील एक शांत खेडे. विलायतेस जाणारा आपल्याकडील प्रवासी सहसा या वाटेस वळत नाही. लंडन, लेस्टर येथील आप्तेष्टांच्या भेटी, मंदिरदर्शन आणि खरेदी यांतच त्याचे दिवस संपतात. परंतु ज्याच्या घरी अंगण आहे आणि अंगणात दोन-चार कुंड्या आहेत, त्याने एक दिवस काढून ग्रेट डिक्स्टर पाहावे. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये पाहिल्यास अधिक चांगले.

फाटकातून आत गेल्यावर प्रथम बाग दिसतच नाही. दोन्ही बाजूंना न कापलेले गवत, मधून दगडी पायवाट आणि समोर पंधराव्या शतकातील लाकडी घर. घराची देवडी एका अंगास इतकी कललेली की नवखा माणूस क्षणभर थबकतो. १९१० साली नॅथॅनिएल लॉइड यांनी ही मिळकत घेतली. हे गृहस्थ रंगीत छपाईच्या धंद्यात पैसा मिळवून तरुण वयातच निवृत्त झालेले. पुढे नवी दिल्लीच्या रचनेमुळे ज्यांचे नाव भारतात घरोघरी गेले, त्या एडविन लट्यन्स यांजकडून त्यांनी घराची डागडुजी करून घेतली. शेजारच्या केंट परगण्यातील बेनेंडन गावचे एक जुने लाकडी घर सुटे करून आणले, ते मूळ वास्तूस जोडले आणि भोवती बागेच्या भिंती, पायऱ्या, कुंपणे आखली. नॅथॅनिएल यांना यूच्या झाडांना कातरून आकार देण्याचा छंद होता. त्या विषयावर आणि विटांच्या बांधकामावर त्यांनी ग्रंथ लिहिले. फुलांचा नाद त्यांच्या पत्नी डेझी यांचा. त्यांच्या सहा मुलांपैकी धाकटे ख्रिस्तोफर आईच्या मागे मागे बागेत हिंडत वाढले, आणि हे घर पुढे जगभर ओळखले गेले ते त्यांच्यामुळे.

घराच्या एका बाजूस उंचवट्यावर लांब ताटवा आहे. खोली सुमारे १५ फूट, मागे यूचे गर्द कुंपण, पुढे दगडी फरसबंदीची वाट. ऑगस्टमधील उतरत्या दुपारी या वाटेवर उभे राहिले असता डोळ्यांत प्रथम भरतो तो नारिंगी रंग. तांब्याकडे झुकणारा, केशराकडे झुकणारा, शेंदराकडे झुकणारा. तो जांभळ्याशेजारी आहे, निळ्याशेजारी आहे आणि कोठे कोठे चक्क किरमिजी गुलाबीशेजारीही आहे. दसऱ्याच्या बाजारात झेंडूचे ढीग पाहून वाढलेल्या माणसास यात धाडस ते काय, असे वाटेल. परंतु इंग्लंडात ते धाडसच होते.

मराठीत या एका रंगासाठी नारिंगी, केशरी, भगवा, शेंदरी असे शब्द सहज सापडतात. इंग्रजीत सोळाव्या शतकापर्यंत एकही स्वतंत्र शब्द नव्हता. ते लोक त्यास ‘पिवळा-तांबडा’ म्हणत. त्यांच्या बागेत येणाऱ्या रॉबिन पक्ष्याची छाती स्पष्ट नारिंगी असूनही त्यास ते आजतागायत ‘लालछाती’ म्हणतात, ते त्यामुळेच. शेवटी फळ आले, फळाबरोबर नाव आले आणि नावावरून रंग ओळखला गेला. ते नाव संस्कृत ‘नारंग’ शब्दाचेच फारसी, अरबी आणि दक्षिण युरोपीय भाषांतून फिरून आलेले रूप होय. म्हणजे या रंगाची ओळख इंग्लंडास व्यापारानेच करून दिली.

बागेत मात्र त्याची स्थिती बिकटच राहिली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लाल-पिवळ्या भडक हंगामी फुलांच्या रांगा लावण्याची चाल होती. तिचा वीट आल्यावर अभिरुचीचा लंबक दुसऱ्या टोकास गेला. गर्ट्रूड जेकिल या थोर उद्यानकर्त्या बाईंनी सरे परगण्यातील मन्स्टेड वुड येथे २०० फूट लांबीचा ताटवा केला. दोन्ही टोकांस राखाडी, निळे, पांढरे शांत रंग आणि मध्यभागी तांबड्या-नारिंगीची धग अशी त्याची चढती-उतरती मांडणी होती. त्यांनी नारिंगीस मानाचे आसन दिले होते. अनुकरण करणाऱ्यांनी टोकांचे शांत रंग तेवढे उचलले. पुढे डिक्स्टरपासून फार दूर नसलेल्या सिसिंगहर्स्ट येथे व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांची पांढरी बाग १९५० च्या सुमारास आकारास आली आणि तिची कीर्ती एवढी पसरली की पांढरा, फिका गुलाबी आणि राखाडी म्हणजे खानदानी, नारिंगी म्हणजे गावंढळ, असा समज सुशिक्षित घरांतून रुळला. गंमत अशी की त्याच सिसिंगहर्स्टमध्ये त्यांच्या राहत्या कॉटेजसमोर सूर्यास्ताच्या रंगांची बाग होती आणि आजही आहे. लोक ती पाहत, आणि घरी जाऊन पांढरी फुले लावीत!

ख्रिस्तोफर लॉइड यांनी हा समज मोडून काढला. डेझीबाई त्यांना लहानपणी जेकिल यांच्या भेटीस घेऊन गेल्या होत्या आणि हा मुलगा मोठा माळी होवो असा आशीर्वाद त्यांस मिळाला, अशी घरातील आठवण आहे. केंब्रिजमधील शिक्षण आणि युद्धातील नोकरी आटोपल्यावर त्यांनी वाय महाविद्यालयात उद्यानविद्येची पदवी घेतली, तेथे काही वर्षे शिकविलेही, आणि १९५४ साली डिक्स्टरला परतून रोपवाटिका काढली. याकडे व्यापारी घरातील वाचकाने लक्ष द्यावे. मोठे घर, मोठी बाग, नोकरांचा खर्च आणि जमिनीचे उत्पन्न बेताचे. अशा वेळी त्यांनी बाग हीच दुकानाची पेढी केली. ताटव्यात जे झाड लोकांनी फुललेले पाहावे, तेच त्यांना वाटिकेत विकत मिळावे. शिवाय १९६३ पासून ‘कंट्री लाइफ’ साप्ताहिकात त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे बागेविषयी लेखन केले. रंग एकमेकांशी भांडतात ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. भांडते ती पाहणाऱ्याची सवय, असे त्यांचे म्हणणे असे, आणि ते सिद्ध करण्यासाठी मुद्दाम नारिंगीशेजारी गुलाबी लावून पाहुण्यांची तोंडे निरखण्यात त्यांना थोडा खट्याळ आनंदही मिळे.

आता या नारिंगी मंडळींविषयी. झेंडू एका हंगामाचा पाहुणा. बी पेरावे, फुले घ्यावीत, दसरा-दिवाळी झाली की उपटून टाकावा. डिक्स्टरच्या ताटव्यातील नारिंगीचा कणा निराळा आहे. ती बहुवर्षायू आणि काटक झाडे आहेत. हिवाळ्यात वरचा पसारा वाळतो, जमीन गोठते, आणि मूळ खाली शाबूत राहून वसंतात पुन्हा फुटते. सह्याद्रीतील कळलावी ज्याने पाहिली आहे त्यास हे समजावे लागणार नाही. श्रावणात ज्वाळेसारखी फुलणारी ती वेल पावसाळा सरताच नाहीशी होते आणि पुढल्या आषाढात त्याच जागी कंदातून डोके वर काढते. कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या घरांत तर कंदात जीव दडलेला असतो हे लहान मुलासही ठाऊक असते. फरक एवढाच की आपल्याकडे कंद कोरड्या दिवसांत निजतो, तेथे थंडीत. इंग्लंडच्या शाही उद्यानविद्या संस्थेने झाडांच्या काटकपणाच्या एक ते सात अशा पायऱ्या ठरविल्या आहेत. सातव्या पायरीचे झाड उणे २० अंशांखालील थंडीही सोसते. या ताटव्यातील हेलेनियम त्या पायरीचे आहे.

वर्षाचा क्रम पाहू जाता नारिंगीची पहिली ललकारी मे महिन्यात युफोर्बिया ग्रिफिथी देते. हे आपल्या कुंपणाच्या शेराचे कुळबंधू. तसाच दुधाळ चीक, तसाच डोळ्यांस व कातडीस दाह करणारा. पण रूप अगदी निराळे. तांबूस पानांच्या हातभर-दोन हात उंचीच्या काड्या आणि टोकांस विटेच्या भट्टीसारखे नारिंगी झुबके. मूळ भूमी पूर्व हिमालय. भूतान, आसाम आदी प्रदेश पालथे घालणारे आणि काही काळ कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचा कारभार पाहिलेले विल्यम ग्रिफिथ यांच्या नावावरून तिचे नाव पडले. त्यांतील एक गडद वाण आज जगभर ‘डिक्स्टर’ याच नावाने विकला जातो. त्याच सुमारास गियम फुलू लागते. लवचिक देठांवर हलणारी लहान नारिंगी फुले, ताटव्याच्या पुढल्या कडेस शोभणारी. त्याचे ‘टोटली टँजरीन’ हे वाण बी धरीत नाही, म्हणून ते थकतही नाही. फुले आठवडेच्या आठवडे येत राहतात.

जूनच्या शेवटी डे लिली. तिचे एकेक फूल एका दिवसाचे. सकाळी उमलते, रात्री मिटते, आणि दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उघडते. हेमेरोकॅलिस फुल्वा या तिच्या जुन्या नारिंगी जातीची हकिगत ऐकण्याजोगी आहे. युरोपात पसरलेला तिचा ‘युरोपा’ हा प्रकार वांझ आहे. त्यास बीच येत नाही. पूर्व आशियातून आलेले हे झाड शतकानुशतके केवळ गड्डा फोडून, एका बागेतून दुसऱ्या बागेत, एका हातातून दुसऱ्या हातात असे युरोप-अमेरिकाभर गेले. शेजारणीने शेजारणीस दिलेला तुकडा, एवढाच त्याचा वंशविस्तार.

जुलै-ऑगस्ट हा दक्षिण आफ्रिकेचा महिना. क्रोकॉस्मियाच्या तलवारीसारख्या पानांवर वाकलेले नारिंगी तुरे आणि निफोफियाचे मशालीसारखे उभे दांडे. त्यांच्या मायभूमीत या रंगाचे आणि लांबट नळीच्या फुलांचे गिऱ्हाईक ठरलेले आहे. आपल्या जास्वंदीवर येणाऱ्या शिंजीराचे ते भाऊबंद, म्हणजे सूर्यपक्षी. इंग्लंडात शिंजीर नाही. तेथे मधमाश्या आणि भुंगे येतात. मॉन्टब्रेशिया या नावाने ओळखली जाणारी क्रोकॉस्मियाची संकरित जात फ्रान्समधील नान्सी येथे लेम्वान यांच्या रोपवाटिकेत १८८० च्या सुमारास निघाली. ती इतकी चिवट ठरली की कॉर्नवॉलच्या आणि आयर्लंडच्या रस्त्याकडेला तिचे रान माजले. ब्रिटनमध्ये ती रानात लावणे आज कायद्याने गुन्हा आहे. म्हणून जाणता माळी तिच्याऐवजी शिस्तीतली नवी वाणे निवडतो.

याच दिवसांत हेलेनियमही येते. उत्तर अमेरिकेतील हे कमरेइतके उंच झाड, मध्ये तपकिरी मखमली गोंडा आणि भोवती खाली झुकलेल्या तांबूस-नारिंगी पाकळ्या. ‘मूरहाइम ब्यूटी’ हे त्याचे जुने वाण हॉलंडमधील रोइस यांच्या वाटिकेत १९३० च्या सुमारास तयार झाले आणि अजून कोणी त्यास मागे टाकलेले नाही. आणि शरदाच्या तोंडावर आपल्या सोनटक्क्याची एक काटक बहीण फुलते. सोनटक्का पांढरा आणि सुगंधी. ही नारिंगी, उभ्या कणसाची. टोनी शिलिंग यांनी ती नेपाळातून आणली आणि आपल्या मुलीच्या नावावरून तिचे नाव ‘तारा’ ठेवले. मुळांवर पाचोळ्याचे जाड पांघरूण घातले तर दक्षिण इंग्लंडात ती उघड्यावर हिवाळा काढते.

हे सारे आपोआप घडत नाही. डिक्स्टरची माती जड चिकण. काटक झाडास थंडी मारीत नाही. मारते ते हिवाळ्यात मुळाशी साचलेले पाणी. म्हणून वर्षानुवर्षे तीत कुजलेले खत आणि जाड वाळू मिसळीत आले आहेत. ओल्या मातीवर पाऊल पडून ती दडपू नये यासाठी येथील माळी ताटव्यात फळ्या अंथरतात आणि त्यांवर उभे राहून काम करतात. हेलेनियमचा गड्डा तीन-चार वर्षांत मधोमध पोकळ होतो. मग वसंतात तो उपटून, लोखंडी दात्यांची दोन फावडी पाठीला पाठ लावून त्यात खुपसतात आणि दोन बाजूंना ओढतात. मधला म्हातारा भाग टाकून देतात, कडेचे कोवळे तुकडे नव्या खतात लावतात. मेअखेर, चेल्सीच्या प्रसिद्ध पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास, काही उंच झाडे तिसऱ्या हिश्श्याने छाटतात. ती बुटकी राहतात, अधिक फांद्या फोडतात आणि काही आठवडे उशिरा फुलतात. त्यामुळे ताटव्यातील फुलोरा एकदम उधळून न जाता पुरवठ्यास येतो.

गोगलगायींचा प्रश्न मात्र राहतोच. कोवळ्या हेलेनियमवर त्यांची धाड पडते. युफोर्बिया, क्रोकॉस्मिया, निफोफिया यांस त्या फारशा तोंड लावीत नाहीत. ज्यास विषारी गोळ्या टाकावयाच्या नाहीत, त्याने निवड करतानाच हे ध्यानात घ्यावे. २०२२ साली शाही उद्यानविद्या संस्थेनेही गोगलगायींना ‘उपद्रवी’ म्हणणे सोडून दिले. डिक्स्टरमध्ये काही वर्षांपूर्वी जीवसृष्टीची पाहणी झाली. भोवतालची कुरणे आणि रान यांपेक्षा फुलांच्या ताटव्यांची बाग जिवांनी अधिक गजबजलेली आहे, असे तीत आढळले, आणि पाहणाऱ्यांनाही त्याचे नवल वाटले. वाळलेली देठे शरदात लगेच न कापता हिवाळाभर उभी ठेवल्यास पोकळ काड्यांत किडे-माश्यांना आसरा मिळतो, हे येथे नुसते सांगत नाहीत, पाळतात.

सर्वांत मोठे धाडस नारिंगीचे नव्हते. लट्यन्स यांनी आखलेली गुलाबाची बाग सुमारे ऐंशी वर्षे घराचे भूषण होती. आई-वडिलांच्या हातची. परंतु एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या गुलाब लावल्याने माती थकली होती आणि नवी झाडे तग धरीत नव्हती. १९९३ साली, सत्तरी ओलांडलेल्या लॉइड यांनी ते सारे गुलाब उपटले आणि तेथे कर्दळ, केळ, डेलिया यांची उष्ण कटिबंधी बाग केली. इंग्लंडात गुलाब उपटणे म्हणजे आपल्याकडे तुळशीवृंदावन हलविण्यासारखे. बरीच ओरड झाली. वडिलांच्या हातचे मोडताना मनास काय वाटते, हे जुनी पेढी नव्या जागेत हलविणारा माणूस जाणतो.

त्या कामात त्यांच्या शेजारी उभे होते फर्गस गॅरेट. वडील इंग्रज, आई तुर्की, बालपणाचा काही भाग इस्तंबूलमध्ये गेलेला, शिक्षण त्याच वाय महाविद्यालयात. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते मुख्य माळी म्हणून आले. लॉइड अविवाहित होते, मूलबाळ नाही. घर, बाग, रोपवाटिका, कामगार यांचे पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या उतारवयात रोज दारात उभा असे. अशा मिळकतींची वाट इंग्लंडात ठरलेली असते. एक तर विकून टाकणे, नाही तर मोठ्या राष्ट्रीय संस्थेच्या स्वाधीन करणे. तिसरी वाट त्यांनी काढली. डिक्स्टरसाठी स्वतंत्र धर्मादाय न्यास झाला. २७ जानेवारी २००६ रोजी लॉइड वारले आणि बागेची सूत्रे गॅरेट यांच्या हाती राहिली. नात्याचा नव्हे, गोत्राचा नव्हे. पण कोणता गड्डा कधी फोडावयाचा हे ज्याच्या हातास ठाऊक, तो वारस.

गॅरेट यांनी बाग जशीच्या तशी जपून ठेवली नाही. लॉइड यांनाही ते रुचले नसते. ताटव्यात दरवर्षी काही काढले जाते, काही नवे येते. देशोदेशींचे विद्यार्थी येथे राहून, चिखलात हात घालून शिकतात आणि आपापल्या गावी परततात. रोपवाटिका अजून चालू आहे आणि अजून विकते तेच, जे बागेत पाहावयास मिळते.

बाग वसंतापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत खुली असते, सोमवारी बंद. आवारात चहाफराळाची सोय आहे, पण बहुतेक केकमध्ये अंडे असते. थेपल्यांचा डबा बरोबर असलेला बरा. सकाळी पोचून प्रथम लांब ताटवा पाहावा, दुपारी घर पाहावे आणि चारनंतर पुन्हा ताटव्याशी यावे. इंग्लंडचा सूर्य तिरका, आकाश बहुधा करडे. भर दुपारच्या आपल्या उन्हात झेंडू रंग फेकतो. तेथील मंद उजेडात नारिंगी फूल रंग साठवून ठेवते, मात्र अंधार पडू लागला की तेच आधी विरते आणि निळी-जांभळी फुले त्यानंतरही बराच वेळ दिसत राहतात.

निघताना रोपवाटिकेत युफोर्बियाची कुंडी हाती येतेच. भारतात येणाऱ्याने मोह आवरावा. वनस्पती-संसर्गबंदीच्या नियमांमुळे परवान्याशिवाय जिवंत रोप विमानतळाबाहेर येणार नाही, आणि आले तरी मुंबई-पुण्याच्या उकाड्यात ते टिकणार नाही. मात्र लंडनमध्ये ज्यांच्या घरी उतरावयाचे, त्यांच्या मागील अंगणात ते खुशाल लावावे. लावताना हातमोजे घालावेत, चीक डोळ्यांस लागू देऊ नये, आणि कुंपणापासून चांगले दोन-तीन हात आत लावावे. त्याची मुळे जमिनीखालून चालत जातात, आणि तिसऱ्या वर्षी मे महिन्यात ते शेजाऱ्याच्या हिरवळीतून वर येते.